सुबोधचा पचका

भटवाडी, घाटकोपर (प.)
५ सप्टेंबर २०२५

ती. जानकीताईस,
सुबोधचा नमस्कार.

घाटकोपरहून मनोरीला पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. फोन केला नाही, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं शेजारच्या खोलीत ऐकू जातं, आणि फोनवर लिहिलेलं तर कोण कुणाला पुढे पाठवेल याचा भरवसा नाही. कागद तसा पुढे पाठवता येत नाही. हे पत्र घरीच वाच, मार्व्याच्या बोटीत नको. शेजारी कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं.

तुमच्या कॉटेजवर पर्यटक उतरले होते म्हणून तू यंदा गौरी-विसर्जनाला आली नाहीस. त्यामुळे झालं ते तुला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असणार, आणि कसं सांगितलं असेल याचीही मला कल्पना आहे. म्हणून क्रमाने लिहितो.

धाकूकाकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी केली, हे तुला माहीत आहे. आपण घाडी. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराण्याचा. देऊळ राहिलं तिकडे, पण घरच्या गणपतीपुढे, मूर्ती उचलायच्या आधी, काकाच गाऱ्हाणं घालतात. यंदा त्यांनी हाताने माझ्याकडे बोट केलं. मिहिर त्यांचा स्वतःचा मुलगा, तो बाजूलाच बसला होता. तरी माझ्याकडे. हे मला तेव्हाच खटकलं होतं.

मी तयारीत कसर ठेवली नाही. काका काय म्हणतात ते लहानपणापासून ऐकतोय, पण लिहायला बसलो आणि अडलो. मालवणी शब्द लिहायचे कसे? ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार कुठे, कुठल्याही पुस्तकात ठरलेलं नाही. माझं तुला माहीत आहे. दुकानात वाढदिवसाचे, निवडणुकीचे फ्लेक्स करतो, गिऱ्हाइकाने 'हार्दीक' लिहून आणलं तर मी न विचारता 'हार्दिक' करतो. अकरावीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटलं नाही, म्हणूनच काशीरामशेठ मला ठेवून आहेत. चुकीचं लिहिलेलं माझ्याने वाचवत नाही. मग मी सगळं गाऱ्हाणं प्रमाण मराठीत लिहून काढलं आणि दोनदा तपासलं.

त्या दिवशी बोरिवलीहून श्रुतिका, तिची आई शुभाकाकू आणि आजोबा सीताराम आले होते. माझं लग्न ठरल्यावर आपल्या घरी त्यांची ही पहिलीच खेप. दसऱ्याला साखरपुडा करायचा, हे त्याच दिवशी पक्कं व्हायचं होतं.

मी नारळावर हात ठेवला आणि वाचायला सुरुवात केली : "हे श्री गजानन महाराज, आज मंगळवार, दिनांक दोन सप्टेंबर रोजी आम्ही सर्व घाडी कुटुंबीय आपल्या चरणी उपस्थित आहोत." इथे थांबलो. इथे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं. पुन्हा थांबलो. पंख्याचा आवाज येत होता. काका डोळे मिटून बसले होते. असं शेवटपर्यंत झालं. शेवटच्या वाक्यानंतर मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, कुणीतरी हसलं. बाईमाणूस होतं. मग सगळेच हसले.

रात्री आपल्या 'घाडी परिवार' गटावर मनालीने तो व्हिडिओ टाकला. (मिहिरची बहीण म्हणून ती असं करणारच.) वर लिहिलं, "सुबोधचा पचका". बाकी काही नाही.

आता माझा प्रश्न. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आपण सगळे तो वापरतो, पण मी कधी विचार केला नव्हता. दुकानातल्या जाड शब्दकोशात पाहिलं, तिथला अर्थ इथे लागू होईना. पचका 'होतो' की पचका 'करतात'? झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग कुणाचा दोष नाही. पण कुणी केला असेल, तर कुणीतरी आहे. मनालीने मुद्दाम क्रियापद लिहिलं नाही, असं मला वाटतं.

आज सकाळी शुभाकाकूंचा आईला फोन आला. "दसऱ्याचं राहू दे, दिवाळीनंतर बघू." कारण सांगितलं नाही.

ताई, स्थळ तू आणलंस. तुला कुणी काही सांगितलंय का? उत्तर पत्रानेच दे.

तुझा,
सुबोध

*

मनोरी
११ सप्टेंबर २०२५

सुबोध,

शहाण्या, पोस्टमन पाकीट हातात देऊन उभाच राहिला. म्हणाला, "कोर्टाचं आहे काय, बाय?" इतकं सुरेख अक्षर आणि मागे चिकटपट्टी तीन थर! तुझ्या भावोजींनी सुरीने फोडलं.

तुझं पत्र यायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. रविवारी कॉटेज रिकामं होतं, पाय पसरून बसणार होते, तर माणूस आलं दारात. घावणे घातले, चटणी केली, दुपारभर बसून बोलणं झालं. व्हिडिओपण बघितला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. भावोजी तर ओट्यावर जाऊन हसले.

तू शब्दाचा अर्थ विचारतोस. माझ्याकडे शब्दकोश नाही, पण तोंड आहे. ऐक. गेल्या वर्षी चर्चमागच्या डिसोझांच्या मुलाच्या लग्नात मी नवी पैठणी नेसून गेले आणि बोटीतून उतरताना चिखलात बसले. तो पचका. सगळ्यांसमोर, ऐटीत असताना झाला म्हणून पचका. घरी एकटी असते तर नुसती पडले असते. तेव्हा पचक्याला बघणारे लागतात, आणि आधी थोडी ऐट लागते. जेवणात मीठ जास्त पडलं तर विचका. पाहुणे दारात आणि गॅस संपला तर वाट लागली. नवऱ्याने नको त्याच्यासमोर नको ते सांगितलं तर घोळ. आणि यातलं काही दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. ती पैठणी धुऊन आली, परत नेसले.

झाला की केला, हे कसलं रे खूळ? पचका झाला, संपला. तू नारळावर हात ठेवून देवाला पंचायत समितीला द्यावा तसा अर्ज वाचलास. लोकांनी व्हय म्हाराजा म्हणायचं कुठे? गाऱ्हाणं श्वासावर चालतं. काका श्वास घेतात तिथे लोकांना कळतं. तुझे सगळे श्वास पूर्णविरामाला.

मनाली पोरकट आहे. तिने माझाही चिखलातला फोटो टाकला होता. मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं, झालं.

आईला सांग, पाठीवरचं तेल पाठवते.

जानकीताई

*

भटवाडी, घाटकोपर (प.)
१५ सप्टेंबर २०२५

ती. जानकीताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू पैठणीबद्दल लिहिलंस, मिठाबद्दल लिहिलंस, मनालीबद्दल लिहिलंस. मी शेवटी जे विचारलं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही. श्रुतिकाचं नाव पत्रात एकदाही नाही. तुझ्यासारखी बोलकी बाई एखादं नाव चुकून गाळत नाही.

आणि रविवारी तुझ्याकडे कोण आलं होतं? "माणूस आलं" असं लिहिलंस. नाव नाही. पाहुणे येतात तेव्हा तू कुठले, किती, काय खाल्लं, पंखा चालू ठेवून गेले, सगळं लिहितेस. इथे फक्त घावणे.

मला वाटतं तो मिहिर होता. मी त्याला विचारलं, "रविवारी कुठे होतास?"

"आरे कॉलनीत. मोटारसायकल घेऊन."

"कुणाबरोबर?"

"तू पोलीस आहेस काय रे? ओजस होता."

मी ओजसला, त्याच्या त्या मित्राला, फोन केला. तो म्हणाला, "हो, आरेला होतो." पण इतक्या पटकन म्हणाला की ते आधीच ठरलेलं असावं. तो हसलादेखील. आजकाल माझ्याशी बोलताना सगळेच थोडे हसतात, असं मी पाहतोय. दुकानात काशीरामशेठनी काल "काय घाडी, व्हय म्हाराजा!" म्हटलं. त्यांना कुणी सांगितलं? ते आपल्या गटावर नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, व्हिडिओ मुलुंडपर्यंत गेलाय." मुलुंडला आपलं कोण आहे, याचा विचार करतोय.

मी ठरवलं की अंदाजांवर राहायचं नाही, सरळ विचारायचं. म्हणून शनिवारी शुभाकाकूंना फोन केला. अगदी नम्रपणे विचारलं, "त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी तुमच्या घरातलं कोण उभं होतं? आधी कोण हसलं?" त्या म्हणाल्या, "कुकर लावलाय," आणि फोन ठेवला. सकाळी साडेदहाला कुकर? मी पाठीमागचा आवाज ऐकत होतो, शिट्टी झाली नाही.

श्रुतिकाला मी विचारलंच आहे. त्याच संध्याकाळी विसर्जनाहून येताना विचारलं, "तुम्ही हसलात का?" ती म्हणाली, "नाही." दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "नाही." गुरुवारी, चार तारखेला, ती ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते तिथे बाहेर जाऊन उभा राहिलो, पुन्हा विचारलं. "नाही म्हटलं ना!" असं जरा तोडूनच म्हणाली. व्हिडिओत आवाज मागून येतो, चेहरा दिसत नाही. मी आवाज वाढवून ऐकला. आईचा नाही, मनालीचा नाही, कारण ती पुढे शूटिंग करत होती. मनालीच्या मैत्रिणी होत्या, त्यांतली कुणी असेल.

पण माझा खरा संशय तुला सांगतो. काकांना माहीत होतं की मला जमणार नाही. मिहिरचा पचका होऊ नये म्हणून माझ्याकडे बोट केलं. बोरिवलीची माणसं समोर बसलेली असताना. मिहिरचंही यंदा बघायचं चाललंय, हे विसरू नकोस. म्हणजे पचका झाला नाही, केला.

ताई, मला हे लग्न हवं आहे. हे मी कुणाला बोललो नाही. पहिल्या भेटीत तिने माझ्या हातातलं मेनूकार्ड घेतलं आणि "इथे 'शाकाहारी' चुकलंय" असं म्हणाली. मी ते आधीच पाहिलं होतं, पण ती म्हणाली म्हणून बरं वाटलं. आता ती दिवाळीपर्यंत नाही आणि कारण नाही. तुला काय माहीत आहे ते सांग.

सुबोध

*

मनोरी
२२ सप्टेंबर २०२५

सुबोध,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. भावोजी म्हणाले, "लिही, नाहीतर तो मनोरीच्या बोटवाल्याला जाऊन विचारेल रविवारी कोण उतरलं." म्हणून लिहिते.

पहिलं, मिहिर. काकांनी आधी मिहिरलाच सांगितलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी. बाप पाटीवर लिहून सांगतोय आणि मुलगा म्हणतो, "बाबा, माझी बोबडी वळते, मी नाही घालणार, फटके मारा." मग काकांनी पाटी पुसली आणि तुझं नाव लिहिलं. तेव्हा काकी म्हणाली, "सुबोधला जमेल?" काकांनी काय लिहिलं माहीत आहे? "तो तयारी करील." हे मला काकीने सांगितलं. तुझ्यावर भरवसा टाकला त्या माणसाने, आणि तू त्याच्यावर कट रचल्याचा आरोप करतोस! त्यांना बोलता येत नाही म्हणून बरं, नाहीतर घशाचे टाके तुटले असते.

दुसरं, काशीरामशेठ. व्हिडिओ मीच त्यांच्या बायकोला पाठवला. मीरा माझी शाळेतली मैत्रीण आहे, मुलुंडला तिचं माहेर. आता ये आणि मला फाशी दे.

तिसरं. रविवारी माझ्याकडे श्रुतिका आली होती. एकटी. बोरिवलीहून मार्व्याला, मार्व्याहून बोटीने. तिने शपथ घातली होती की सांगू नको. पण तू बिचाऱ्या मिहिरच्या मागे लागलास आणि ओजसलाही धरलंस, म्हणून सांगते. काय बोलली ते सांगणार नाही. ते तिचं आहे. इतकंच सांगते, साखरपुडा तिनेच पुढे ढकलला, घरच्यांनी नाही. आणि पचक्यामुळे नाही.

आणि शुभाकाकूंना फोन! होणाऱ्या सासूला विचारतोस, तुमच्या घरातलं कोण हसलं? सुबोध, त्या दिवशी जे झालं तो पचका होता. त्यानंतर जे तू करतोयस त्याला कुठला शब्द आहे ते तू शब्दकोशात बघ. मला सापडत नाही. पचका माणसावर येऊन पडतो. हे तू रोज सकाळी उठून स्वतः करतोस.

मी तुझी मोठी बहीण आहे म्हणून बोलले. राग आला तर येऊ दे.

जानकीताई

ता.क. तिला पत्र लिही. पण विचारू नकोस. सांग.

*

भटवाडी, घाटकोपर (प.)
२५ सप्टेंबर २०२५

कु. श्रुतिका धुरी यांस,
सादर नमस्कार.

आपण रविवार, दि. ७ रोजी मनोरी येथे जाऊन आल्याचे समजले. जाण्याचे कारण मला माहीत नाही आणि विचारण्याचा अधिकार नाही, असे सांगण्यात आले आहे.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी माझ्याकडून गाऱ्हाण्याच्या वेळी जो प्रकार घडला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आपले आजोबा वयस्कर आहेत, त्यांनी अनेक गाऱ्हाणी ऐकली असतील. घाडी कुळातल्या मुलाला गाऱ्हाणे येऊ नये, ही कमीपणाची गोष्ट आहे, हे मला कळते.

आपल्या मातोश्रींना मी फोन केला, तेही अयोग्य होते.

साखरपुडा पुढे ढकलण्याचे कारण तो प्रकार नाही, असे ताईचे म्हणणे आहे. परंतु दुसरे काही कारण मला सुचत नाही. 'विचारू नकोस' असे ताईने मला बजावले आहे. म्हणून मी विचारत नाही. फक्त एवढेच लिहितो की जर आपण त्या वेळी हसला असाल, तर ते समजले तर माझ्या मनाला निश्चिती येईल. नसाल तर प्रश्नच नाही.

आपला विश्वासू,
सुबोध घाडी

*

बोरिवली (पू.)
३ ऑक्टोबर २०२५

सुबोध,

काल दसरा होता. आज पत्र लिहितेय, म्हणजे काल दिवसभर काय करायचं होतं ते मनात येऊन गेलं, हे तुला कळलं असेल. आजोबांनी सकाळी सोनं दिलं आणि विचारलं, "घाटकोपरचं काय झालं गं?" मी म्हटलं, "बघते."

आधी ते 'आपण' आणि 'कु.' बंद कर. तुझं पत्र लॅबमध्ये डबा खाताना वाचलं. माझ्याबरोबरची रेवती म्हणाली, "कुणाची नोटीस आली?" मी तिला दाखवलं नाही.

तुला निश्चिती हवी आहे ना? घे.

मी हसले होते. आधी मीच हसले. स्वयंपाकघराच्या दाराशी मीच उभी होते, तांब्या घेऊन.

पहिल्या वाक्याला नाही. पहिल्या वाक्याला मला भीती वाटली, कारण तू थांबलास आणि कुणी काही म्हणेना. मी म्हणणार होते "व्हय म्हाराजा", पण मी पाहुणी, तुमच्या घरात पहिल्यांदा आलेली, आणि बायकांनी आधी म्हणायचं असतं की नाही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वाक्याला तू 'इमारतीतील सर्व रहिवाशांस आरोग्य व समृद्धी लाभो' म्हणालास, तरी मी ओठ दाबून धरले. पण शेवटी तू नारळावर हात ठेवून गणपतीला म्हणालास, "सेवेतील त्रुटी उदार अंतःकरणाने पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती. कळावे." कळावे, सुबोध! मला वाटलं आता खाली सही करतोस आणि शिक्का मारतोस. मला आवरलं नाही. तू ते पत्रात ताईला लिहिलं नाहीस, मी तिला फोन करून विचारलं. बाकी सगळं लिहिलंस, 'कळावे' गाळलंस.

मी चिडवायला हसले नाही. जे मजेशीर होतं त्याला हसले. मी हसते. लॅबमध्ये आठ वर्षांच्या मुलापेक्षा मिशीवाले काका जास्त रडतात, मी हसते. माझ्या आजीच्या तेराव्याला भटजींचा फोन वाजला तेव्हा हसले होते, आईने चिमटा काढला. हे लग्नानंतर बंद होणार नाही.

मग त्या संध्याकाळी तू विचारलंस, "तुम्ही हसलात का?" तुझा चेहरा असा होता की मी 'हो' म्हटलं असतं तर तू तिथेच बसला असतास. म्हणून 'नाही' म्हटलं. वाटलं, उद्या विसरेल, मग आपणच सांगू आणि दोघं हसू. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस. आता 'हो' कसं म्हणू? पुन्हा 'नाही'. मग लॅबच्या दारात. तिथे मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. पचक्याची नाही. मी स्वतःशी म्हटलं, हा माणूस मला रोज संध्याकाळी विचारणार. का हसलीस, कुणाला हसलीस, फोनवर कोण होतं, इतक्या पटकन उत्तर का दिलंस. आणि मी रोज 'नाही' म्हणायला शिकणार. मग आमच्या घरात मी कधी खरं बोलणार?

म्हणून मनोरीला गेले. ताईला विचारलं, "हा असाच आहे का?" ती म्हणाली, "लहानपणापासून. पण वाईट नाही." मी म्हटलं, "वाईट नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर आले." साखरपुडा पुढे ढकलला तो त्यासाठी. आईला मी कारण सांगितलं नाही. तुझा फोन आल्यावर तिला आपोआप कळलं. कुकर लावलेला नव्हता, तुझं बरोबर आहे. आता याचा आनंद मानू नकोस.

आता तुझ्याकडे उत्तर आहे. मी हसले आणि तीन वेळा खोटं बोलले. दोन्हीचा हिशेब तू कर. तुला माझ्याबरोबर राहता येईल का ते बघ. मला तुझ्याबरोबर राहता येईल का ते मी अजून बघतेय.

श्रुतिका

*

भटवाडी, घाटकोपर (प.)
९ ऑक्टोबर २०२५

श्रुतिका,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पहिल्या दिवशी मला फार राग आला. हसल्याचा नाही. तीनदा 'नाही' म्हणालीस त्याचा. मी आईलाही सांगितलं की हे जमणार नाही. मग आई म्हणाली, "तिला 'हो' म्हणायला जागा ठेवली होतीस का तू?" आई कधी असं बोलत नाही. ती आपलं फोनवरचं बोलणं किती ऐकते, असा विचार माझ्या मनात आला, आणि मग मलाच लाज वाटली की तेवढ्यातही मी हाच विचार करतोय.

मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काशीरामशेठ चहा पीत होते. मी त्यांना म्हटलं, "शेठ, ते गाऱ्हाणं ऐकायचंय?" ते दचकले. त्यांना वाटलं मी भांडणार. मी खिशातून कागद काढला आणि सुरुवातीपासून वाचला, जसा त्या दिवशी वाचला होता. शेवटच्या ओळीला आलो आणि मला स्वतःलाच ते ऐकू आलं. त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं, तेव्हा मी फक्त वाचत होतो. शेठच्या नाकातून चहा आला. "अरे घाडी, देवाला आवक-जावक क्रमांक पण द्यायचास!" मी हसलो. खोटं नाही, खरंच हसलो, थोडंसं. शेठ किती वेळ हसले आणि नक्की कशाला, हे मी विचारलं नाही.

धाकूकाकांकडे जाऊन आलो. त्यांना अजून बोलायची परवानगी नाही. मी म्हटलं, "काका, मला वाटलं होतं तुम्ही मुद्दाम माझा पचका केलात." त्यांनी पाटी घेतली, पेन्सिल शोधली, आणि मग पाटी खाली ठेवून माझ्या डोक्यात एक टपली मारली. चांगली जोरात. मिहिर बाहेर होता, त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, "ओजसची पण माग, त्याला वाटतंय त्याची चौकशी चालू आहे." मागितली.

तुझ्या आईंना फोन करायचा आहे. काय बोलायचं ते मी लिहून काढलं होतं, मग फाडलं.

तू म्हणतेस, बघ तुला राहता येईल का. मी खोटं लिहिणार नाही. मला तू हसलीस तर लगेच वाटेल, कुणाला हसली? हे एका महिन्यात जाणार नाही, कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही. माझ्या मनात प्रश्न येतील. ते सगळे तोंडावाटे बाहेर आलेच पाहिजेत असं नाही, एवढंच मला या महिन्यात कळलं. पण हे लिहिणं सोपं आहे. तू समोर हसशील तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही.

म्हणून रविवारी बोरिवलीला येतो. आजोबांना हवं असेल तर ते गाऱ्हाणं पुन्हा वाचून दाखवतो, 'कळावे'सकट. तू दाराशी उभी राहा किंवा समोर बस, आणि हसू येईल तेव्हा हस. मी विचारणार नाही.

एकदा विचारलं तर चालेल का? दुसऱ्यांदा विचारलं, तर मला सरळ बसमध्ये बसवून दे.

सुबोध